घडी मोडून दाखवलेली चादर

आत्या, आपल्या चादरी आता इंटरनेटवर विकायला आहेत. तुम्ही गेलात तेव्हा घरात बटणांचा एकच फोन होता आणि तोही तुम्ही कानापासून हातभर लांब धरून बोलायचात, त्यामुळे हे तुम्हाला कसं समजावून सांगावं, असा प्रश्न मला पडलाय. मोडनिंबहून लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा सासूला आत्या म्हणायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, पण चादर कशी विकायची हे तुम्ही शिकवलंत, तेही चारचौघांत रागावून. ते पुढे येईलच. आधी एवढं ऐका की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली आपली शेड अजून आहे आणि माग अजून चालू आहेत. यंदा मात्र ते बंद पडणार होते. शेडच्या दारात बसून तुम्ही जोडलेलं गिऱ्हाईक तुमच्या माघारी आटलं, व्यापारी दर खेपेला भाव पाडून मागतात, आणि एका दुपारी जेवता जेवता तुमचे चिरंजीव म्हणाले, "दिवाळीनंतर माग भंगारात घालावं म्हणतोय. लई झालं आता." आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. मला रडू यायला हवं होतं, आला राग. रागाच्या भरात मी म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबा, मी वेबसाइट काढते. वेबसाइट काढतात कशी, हे मला तेव्हा धड माहीतही नव्हतं.

दुकान मांडायला जागा लागते, तशी साइट मांडायलाही दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भाड्याने जागा घ्यावी लागते. त्याला होस्टिंग म्हणतात. अशी जागा देणाऱ्या कंपन्या ढिगाने आहेत आणि सगळ्या बाजारातल्या भाजीवाल्यांसारख्या एकदम ओरडत असतात: पहिलं वर्ष जवळजवळ फुकट, आजच घ्या. "फुकट हाय तर घे की तीच," हे म्हणाले. मी घेणारच होते, पण मला तुमची शेड घेतानाची गोष्ट आठवली. बाकीचे लोक भाडं विचारत फिरत होते. तुम्ही भर उन्हात त्या शेडसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसता आणि शेजारच्या कारखान्यातल्या कामगारांना एकेक करून विचारता, "हितं लाईट गेली तर कोण येतंय का? मालक फोन उचलतोय का? वरीस सरल्यावर भाडं किती वाढवतोय?" तुमच्या शेजारी मी, नवी नवरी, लाजेने अर्धमेली.

मग मीही तेच केलं. दुसऱ्या वर्षापासून किती घेणार, हे बारीक अक्षरांत शोधून वाचलं. जिथे फुकट लिहिलं होतं तिथेच ते सगळ्यात जास्त निघालं. मग भर दुपारी एकेका कंपनीला फोन लावला आणि घाबऱ्या आवाजात सांगितलं, माझी साइट बंद पडलीय, काय करू? एकीने नुसती गाणी ऐकवली. दुसरीने ईमेल पाठवा म्हणून फोन ठेवला. तिसरीकडच्या मुलीने साइटचं नाव विचारलं, शोधून बघितलं आणि म्हणाली, "ताई, या नावाची साइट अजून सुरूच झालेली नाही हो. सुरू करायचीय का? मी सांगते ना." मी इतकी हसले की तीही हसायला लागली. जागा तिच्याकडेच घेतली. साइटला नाव तुमचं दिलं. शेडच्या पाटीवर ते कधी लागलं नाही, हे मला पहिल्यापासून खटकत होतं.

पुढचं काम तयार नमुन्यांतून निवडायचं होतं. फोटो टाका, खाली भाव टाका, पैसे कसे घेणार ते जोडा. आपली लाल आणि मोरपंखी चादर मी गच्चीवर उन्हात नीट घडी घालून ठेवली, मोरपंखी अंग वर. फोटो असा आला की मी स्वतःच ती विकत घेतली असती. ऑर्डर आल्या. आम्ही दोघांनी मिळून पार्सलं बांधली, ह्यांनी शिट्टी वाजवत बांधली. आणि मग ती पार्सलं परत यायला लागली. नाशिकच्या एक बाई फोनवर कडाडल्या, "मोरपंखी मागवली होती, लाल पाठवलीत. फसवता का लोकांना?" मी पार्सल उघडलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. लाल अंग वर आलं होतं, एवढंच. हे भंगारवाल्याचा नंबर शोधत बसले. मी मात्र त्या घडीकडे बघत राहिले आणि तुमचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

लग्नानंतरचा पहिलाच हिवाळा आहे. शेडच्या दारात गिऱ्हाईक उभं आहे आणि मी चादरीची घडी पुढे करते. तुम्ही ती माझ्या हातातून ओढून घेता. "घडी दावून कुणी चादर इकतं व्हय गं? उघड की!" तुम्ही दोन टोकं धरून एक झटका देता, चादर हवेत फुगते, खाली येता येता उलटते, आणि लाल जमिनीवरची मोरपंखी फुलं मोरपंखी जमिनीवरची लाल फुलं होतात. "बघा, पैसं एकीचं, चादरी दोन!" गिऱ्हाईक हसतं. मी आत जाऊन रडते. संध्याकाळी तीच चादर तुम्ही माझ्या अंगावर टाकता आणि म्हणता, "ऱ्हाऊ दे तुला. थंडी लई हाय." त्या दिवसापासून ती माझी आहे. आपली चादर दोन्ही अंगांनी पांघरता येते हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून ते साइटवर लिहावं असं मला सुचलंच नाही, आत्या.

ह्यांना म्हटलं, फोन धरा, मी चादर उडवते, तुम्ही व्हिडिओ काढा. ती उलटताना लोकांना दिसली की काम झालं. व्हिडिओ साइटवर टाकला आणि नाशिकच्या बाईंनाही मी तो पाठवला. त्यांनी बघितला आणि परत पाठवलेली तीच चादर पुन्हा मागवली, शिवाय बहिणीसाठी एक. मग रोज काही ना काही जायला लागलं. भंगारवाल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, कान बाहेर. "न्हाय, आता न्हाय द्यायचं," हे म्हणाले, "माग चालू हायती." मी पोळी करपवली.

साइटवर 'आमच्याविषयी' असं एक पान असतं. तिथे चार ओळी लिहायला बसले होते, त्याचं हे असं झालं. हे काही तिथे टाकता येणार नाही आणि तुमच्याकडे पाठवायला तर जागाच नाही. मग एक गोष्ट तेवढी तुम्हालाच सांगते. नवी चादर खळीने ताठ असते. तुम्ही ती एका झटक्यात फुगवायचात, मला काही केल्या जमेना, माझ्या हातून ती फळीसारखी खाली पडायची. शेवटी कपाटातून तुम्ही दिलेली काढली. धुऊन धुऊन ती इतकी मऊ झालीय की नुसता हात हलवला तरी उडते. ह्यांनी फोनमधून बघितलं आणि हळूच म्हणाले, "आईनं दिलेली हाय की ही." मग बराच वेळ त्यांना फोन नीट धरता आला नाही. व्हिडिओ थोडा हललाय तो त्यामुळे. लोक विचारतात, चादर खरंच इतकी मऊ असते का? मी लिहिते, धूत राहा, होते. किती वर्षं, ते मात्र अजून कुणाला लिहिलेलं नाही.