जुझदानातला टॅब

३ डिसेंबर, बुधवार

आज सकाळी फजरची नमाज पढून आलो तेव्हा अम्मी मोरीत हातपाय धुऊन वजू करत होती. तिला बसल्या जागी मिळावा म्हणून फळीवरून टॅब काढला, जुझदानाची, कापडी खोळीची, नाडी सोडली, काच पुसली. आमच्या घरात कापसाचं तूस कशावरही बसतं. कुराण ठेवायच्या लाकडी रेहलवर ठेवायला गेलो तर नीट बसेना, एक बाजू उचललेली. घरातल्याच गादीच्या दुकानातल्या फळीवर सपाट ठेवून पाहिला. बोट लागलं तर भोवऱ्यासारखा गरकन फिरला.

पाठ फुगली आहे. एका कडेने काच चौकटीतून वर आली आहे.

अम्मीला कळायला नको. रेहलवर एका बाजूला चिंधी सरकवून टॅब टेकवला. अम्मी आली, बिस्मिल्ला म्हणाली, काचेच्या कोपऱ्यातल्या भेगेवर अंगठा ठेवून तिथून पान सरकवलं. अब्बांचं छापील कुराण फळीवरच आहे, पण ते अक्षर आता तिला चष्म्यानेही दिसत नाही. टॅबवर तेच अक्षर अंगठ्याएवढं होतं. म्हणून चाललंय.

ती वाचत होती, मी कापूस पिंजायच्या मशीनपाशी उभा होतो. बटण दाबलं नाही. मशीन लागलं की तिचा आवाज ऐकू येत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

जुम्म्याची नमाज झाल्यावर टॅब पिशवीत घालून सचिनकडे गेलो. बाजाराच्या तोंडाशी त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. माझ्या लेकीच्या, निलोफरच्या, शाळेच्या वेळेपासून हा टॅब त्याच्या ओळखीचा. ती नगरला नर्सिंगला गेली आणि टॅब दादीकडे राहिला.

सचिनने हातात घेतला आणि म्हणाला, "चाचा, ही तर पोटुशी हाय."

बॅटरी फुगली आहे. या मॉडेलची नवी मिळत नाही. वापरू नका, चार्जिंगला तर लावूच नका, पेटली तर पाणी टाकू नका, वाळू टाका. मग विचारलं, ठेवता कसा? मी जुझदान दाखवलं. त्याने आत हात घातला, दाबून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मशीनला रजईत झोपवून चार्जिंगला लावलं तुमी."

खरं आहे. अल्लाचं कलामपाक उघडं पडू नये म्हणून अम्मीने जुझदान शिवायला सांगितलं. मी गादीवाला. साध्या कापडाचं कसं शिवणार? दोन पदर, मध्ये हाताने निवडलेला कापूस, वर बारीक टाके. चार्जिंगची वायर आत जावी म्हणून एक काजही करून दिलं, शर्टाला करतात तसं. रोज दुपारी टॅब त्या काजातून वायर घेऊन गुंडाळलेलाच असायचा. काम इतकं चांगलं झालं होतं की शेजारणीने नमुना मागितला होता.

परत येताना पिशवी अंगापासून लांब धरून चाललो. लोकांना वाटलं असेल अंडी आहेत.

८ डिसेंबर, सोमवार

नगरहून नि.चा फोन. सांगितलं. ती म्हणाली, अब्बा आजच्या आज बदला, यात विचार कसला करायचाय. तिला विचार कसला ते माहीत आहे, पण ती लांब आहे.

दोन वर्षांपूर्वी अम्मीचा बटणांचा फोन बदलला. चांगल्यासाठीच बदलला, अक्षर मोठं, आवाज मोठा. नि.ने चार दिवस शिकवलं. अम्मीने चार दिवस मान हलवली. पाचव्या दिवसापासून फोनला हात लावला नाही. पारनेरच्या खालाला ती रोज असरच्या नमाजेनंतर फोन करायची. आता आम्ही कुणी लावून दिला तर बोलते, तेही "बरी हाय, तू बरी हाय ना" एवढंच. दोघी बहिणींचं रोजचं बोलणं आम्ही बंद पाडलं आणि ते कुणी भांडून बंद पाडलं असतं तर निदान समजूत तरी घालता आली असती.

आता हे वाचन. रजब महिन्यात अब्बांच्या जाण्याची बरसी येते. त्यांच्या नावाने ती दर वर्षी पूर्ण कुराण वाचून काढते. यंदा डोळ्यांमुळे मागे पडली आहे. मध्येच टॅब बदलला आणि तिने मान हलवून हात काढून घेतला, तर फक्त यंदाचं नाही, वाचनच गेलं. त्यानंतर ती दिवसभर काय करेल?

ठरवलं: वाचन पूर्ण होईपर्यंत थांबायचं. चार्जिंग माझ्या समोर, अंगणात, पत्र्यावर, जुझदानाबाहेर. बाजूला वाळूची पाटी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दुपारभर टॅबची राखण. उतू जाणाऱ्या दुधापाशी बसतात तसं. हातात दाभण आणि गादी, डोळे पत्र्यावर. मधूनमधून हात लावून बघायचं, कोमट की गरम. गरम झाला की वायर काढायची, निवला की परत लावायची. त्यात दोन टाके उलटे पडले, उसवावे लागले.

ऊसतोडीची कुटुंबं गेल्यापासून गाव निम्मं रिकामं आहे. गल्लीत आवाज नाही. कामही फार नाही, लग्नातल्या गाद्या आता फोमच्या येतात. तरी संध्याकाळी दिवसभर पिंजल्यासारखं अंग दुखतं.

अम्मीचं वाचन: अक्षर एवढं मोठं की एका आयतीला कितीदा सरकवावं लागतं. सरकवते, थांबते, डोळे पुसते, पुन्हा मागे जाते. आज मनात आलं, जरा भरभर वाच ना. लगेच तौबा केली. ती कशासाठी वाचते आणि मी कशासाठी मोजतोय.

१५ डिसेंबर, सोमवार

अम्मीने अंगणात टॅब उघडा पाहिला. ती घरच्या बोलीत बोलते. माझी शाळा मराठीत झाली म्हणून लिहिताना मराठीच उतरते. म्हणाली, कलाम असा उन्हात उघडा टाकलास? मी म्हणालो, उन्हात नाही, सावलीत आहे. गुंडाळला की तापतो, हवा लागली पाहिजे.

ती वळली. आत गेली. मला वाटलं रुसली. ताडाचा पंखा घेऊन आली, पत्र्याजवळ पाट मांडला आणि टॅबला वारा घालत बसली. डोक्यावर पदर, दुसऱ्या हातात तसबीहची माळ.

मुमताज, माझी बायको, भाकरी टाकता टाकता दारातून बघत होती. मला म्हणाली, "मला ताप आला होता तवा कुणी पंखा धरला न्हाई."

१८ डिसेंबर, गुरुवार

मु. चिडली. तिचं बरोबर आहे. म्हणाली, "घरात निखारा ठेवलाय आन तुमी राखण करताय. सगळ्या घरात कापूस. एक दिवस तुमचं ध्यान चुकलं तर?"

मी म्हणालो, थोडंच राहिलंय.

"तुमचं थोडं मला माहीत हाय."

मग हळू आवाजात, अम्मीला ऐकू जाऊ नये असं: "हात त्यांचा असतो त्याच्यावर. तोंड त्यांचं असतं जवळ. तुमी वाळू घेऊन बसा."

रात्री टॅब पुन्हा पाहिला. काच आणखी वर आली आहे. फटीतून आतला उजेड दिसतो.

२१ डिसेंबर, रविवार

पाथर्डीला जाऊन नवा टॅब आणला. नि. फोनवरून दुकानदाराशी बोलली, पैसे तिनेच पाठवले, कुठला घ्यायचा तेही तिनेच ठरवलं. मी फक्त उभा. दुकानदार म्हणाला, जुना द्या, किंमत कमी होईल. जुना बिघडलाय म्हटलं. तसा द्या, आम्ही भंगारात काढतो.

भंगार हा शब्द ऐकला आणि मान नाही म्हणून हलली. नि. फोनवर विचारत राहिली, का नाही, अब्बा?

एसटीत खिडकीशी बसून विचार केला. छापील कुराण जीर्ण झालं तर आम्ही टाकत नाही. स्वच्छ कापडात बांधून मशिदीमागच्या जुन्या विहिरीत सोडतो, नाहीतर पाय पडणार नाही अशा जागी पुरतो. अब्बांनी मला लहानपणी नेलं होतं त्या विहिरीवर. पण हे काय आहे? पान नाही, शाई नाही. तरी अम्मी याच्याकडे पाठ करून झोपत नाही.

नवा टॅब दुकानाच्या कपाटात ठेवला आहे. खोक्यातच. अम्मीला सांगितलं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

इमामसाहेबांना विचारलं. नि.च्याच वयाचे आहेत, लाजत बोलतात. म्हणाले, चाचा, ते त्यातून पुसून टाकलं की मग काच आणि लोखंड. गुन्हा नाही. विहिरीत मात्र सोडू नका, त्यातलं विष पाण्यात उतरतं.

मी उठलो तेव्हा म्हणाले, पुसायच्या आधी वजू करून घेतला तर तुमच्या मनाला बरं वाटेल.

मसला सुटला. पण मूळ प्रश्न त्यांना विचारलाच नाही. कधी, हा.

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळी अम्मी वाचताना टॅब आपोआप बंद पडला. मी आत होतो, तिचा आवाज चालूच होता म्हणून कळलं नाही. काळ्या काचेवर अंगठा तसाच ठेवून ती पाठ असलेलं पुढे म्हणत राहिली. मग पाठ होतं ते संपलं. आवाज थांबला तेव्हा मी बाहेर आलो.

सुरू केला तर पहिलंच पान उघडलं. कुठपर्यंत आलो होतो ते त्याच्या लक्षात नाही. अम्मीच्या लक्षात होतं. शेवटची आयत तिने म्हणून दाखवली, मी शोधत बसलो. मदरशात लहानपणी जेवढं शिकलो तेवढ्यावर, अडखळत. सापडली.

तिने वाचायला घेतलं नाही. टॅब उचलून पालथा केला, पाठीवरून हात फिरवला.

"फुगलाय हा. मला कधीचं माहीत हाय."

मी म्हणालो, मग बोललीस का नाहीस?

"तू तरी कुठं बोललास? वाळूची पाटी घेऊन बसतोस. मला वाटलं लेकराच्या मनात काय तरी हाय, बसू दे." मग म्हणाली, "म्हणून तर भरभर वाचत होते."

हे भरभर होतं.

मी म्हणालो, नवा आणलाय. पण बरसीपर्यंत हाच चालवू म्हणत होतो. मध्येच बदलला तर तुझं राहून जाईल.

"राहिलं तर राहिलं. त्यांना कुठं एसटी धरायचीय? थांबतील."

हसली. अब्बा एसटीसाठी तासभर आधी जाऊन बसायचे.

मग मी तेच विचारलं जे विचारायची भीती वाटत होती. नवा जमेल का तुला? ती बराच वेळ भेगेवरून बोट फिरवत राहिली. "नक्को रे, आत्ताच काय सांगू," एवढं म्हणून उठली.

२९ डिसेंबर, सोमवार

नि. एका दिवसाची सुट्टी काढून आली. नवा लावून दिला, तीच लिपी, तेच मोठं अक्षर. पण काच कोरी. कोपऱ्यात भेग नाही. अम्मी अंगठा ठेवायला जागा शोधते, सापडत नाही, दुसरंच काही तरी उघडतं. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तिने मान हलवली.

ती मान मी ओळखतो. फोनच्या वेळेला अशीच हलवली होती.

नि. संध्याकाळच्या गाडीने गेली. जाताना म्हणाली, अब्बा, हळूहळू होईल. दोघांनाही माहीत होतं की तेव्हाही असंच म्हणालो होतो.

३१ डिसेंबर, बुधवार

आज टॅबला हात नाही, जुन्याला नाही, नव्यालाही नाही. अम्मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून. तसबीह चालू होती, ओठ चालू नव्हते. मु.ने शेंगा फोडायला दिल्या, त्या फोडल्या. दुपारी विचारलं, आज वार कोणता? तिला वार कधी विचारावा लागत नाही.

असरला मशिदीत बसलो होतो. दुआ काय मागायची ते सुचेना. तिचं वाचन मागू की तिचा हात सलामत मागू, दोन्ही एकदम मागायला जीभ उचलेना. काहीच न मागता उठलो.

येताना सचिनच्या दुकानावरून आलो. तो म्हणाला, चाचा, आणा उद्या, बॅटरी मी मोकळ्यात काढतो. आणि त्याने त्याच्या फोनच्या काचेवर बोट ठेवून दाखवलं: आंधळ्या माणसाला बटणावर एक टिपका करून देतो मी, त्याने कळतं.

टिपका. हे मला सुचायला हवं होतं. आयुष्यभर गाठी मारल्या.

१ जानेवारी, गुरुवार

जुन्या टॅबवरची भेग सुताने मोजली. नव्यावर त्याच कोपऱ्यात, तेवढ्याच अंतरावर, गादीच्या दोऱ्याची गाठ डिंकाने चिकटवली. तीनदा काढून पुन्हा लावली, जरा वर, जरा आत. मु.ने डोळे मिटून अंगठा फिरवून पाहिला, म्हणाली, "लागतीय."

नवं जुझदान शिवलं. एकेरी मलमल, कापूस नाही, काज नाही. चार्जिंग होईल ते उघड्यावर. मु. म्हणाली, अगदीच पोतेरं दिसतंय. दिसू दे.

२ जानेवारी, शुक्रवार

फजरच्या आधी उठलो. वजू केला. जुना टॅब सुरू केला, सुरू व्हायला फार वेळ लागला. अम्मी जिथे थांबली होती ते पान उघडून नव्यावर तेच लावलं, दोन्ही शेजारी ठेवून अक्षर अक्षर ताडून पाहिलं. मग जुन्यावर पुसायला घेतलं. त्याने विचारलं, काढून टाकायचं का? हो म्हटलं. बंद केला. आता सुरू करायचा नाही.

जुनं जुझदान उसवलं. कापूस अजून मऊ आहे, उशीत जाईल.

उजाडल्यावर सचिनला टॅब देऊन आलो. अंतर राखून नेला नाही, छातीशी धरून नेला. मु.ला सांगणार नाही.

आलो तर रेहलवर नवा ठेवलेला, मलमल बाजूला घडी करून. अम्मी वजू करून समोर बसली आहे. डोळे मिटलेले. उजवा हात मांडीवर. मी तसाच दुकानात आलो. हे इथे बसून लिहितोय. पिंजायला घेतलेला कापूस मशीनमध्ये आहे, बटण जवळ आहे, कान रेहलकडे.

अजून दाबलं नाही.