गडूवरची फुंकर

शुक्रवार, रमजान

कोणाला सांगणे जमणार नाही, म्हणून लिहिते. आज मी, बी.एस्सी. झालेली बाई, रांदेरच्या मशिदीबाहेर पाण्याचा गडू घेऊन उभी राहिले. नातवाचा ताप चार दिवस उतरत नाही. औषध चालूच आहे. सुनेने, अश्विनीने, तीनदा विनवले, "आई, पाण्यावर रोजेदारांची फुंकर घेऊन या, ओमला पाजू." तीनदा तिला झापले. मग गेले.

रांगेत आमच्या गल्लीतली सुमन. हसलीच. "ताई, तुम्ही बी?" आणि गडूचे झाकण मी घरी विसरलेले.

नमाज पढून माणसे बाहेर आली. एक म्हातारबाबा थांबले. दिवसभराच्या रोजाने ओठ अजून कोरडेच. त्यांनी गडूवर फुंकर घातली.

"बच्चे का नाम?"

"ओम."

"अल्ला ओम बेटे को अच्छा रखे."

मला साधे 'शुक्रिया' म्हणता का येऊ नये?

रिक्षात कतारगामपर्यंत गडूवर तळहात धरून बसले. झाकण नव्हते म्हणून. दुसरे काय कारण?

दारातच अश्विनीला बजावले, "उकळून पाज."

"उकळल्यावर फुंकर राहील का, आई?"

"राहील," मी म्हणाले.

रात्री आठ वाजता सुनेच्या हाती दिले: पाणी, एक गडू. थेंबही सांडला नव्हता.