बाबांच्या हाती केरसुणी

ती. वन्संना सादर नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि मुलांचा खोकला गेला का, ते कळवावे. इकडे सगळे ठीक. तुमचे बंधू बरे आहेत, म्हणजे गेल्या वेळेपेक्षा जाड आहेत.

बाबांना सहा महिने तुमच्याकडे न्या, असं मी लिहिलं आणि तुम्ही लगेच हो म्हणालात, रविवारी न्यायलाही येताय, याबद्दल आभार. त्यापूर्वी त्यांच्या केर काढण्याची तुम्हाला कल्पना असावी, म्हणून हे पत्र. इथे आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली केरसुणी काढून घेतली. म्हणाले, "सूनबाई, तुम्ही केर काढत नाही, केराला घर दाखवून आणता." शाळेच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं साहाय्यक म्हणून काढलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? त्यांचं म्हणणं असं, की झाडूची प्रत्येक काडी वाकते आणि सुटताना टिचकी मारते. घाईने फटकारलं की धूळ उडते आणि अर्ध्या तासाने आपल्या जागी परत येऊन बसते. म्हणून टोकं जमिनीवरून उचलायची नाहीत, छोटे छोटे हात मारायचे, कोपऱ्यातून मध्याकडे यायचं आणि सुपली बोट बोट मागे घेत शेवटची रेघसुद्धा भरायची. घरात मऊ केरसुणी, अंगणात खराटा (उलट झालं तर त्यांना जेवण जात नाही). पंखे बंद. चाळीस मिनिटं आम्ही सगळे पाय वर घेऊन बसतो. तुमचे बंधू पलंगावर बसून दाढी करतात. शेजारीण एकदा काहीतरी मागायला आली, तीही पाय वर घेऊन बसली आणि काय मागायचं होतं ते विसरून घरी गेली.

एवढ्यावर भागलं असतं. पण बाबा केर टाकण्याआधी तो वर्तमानपत्रावर पसरून तपासतात. त्यात माझ्या कानातल्याची फिरकी सापडली, तुमच्या बंधूंनी चोरून खाल्लेल्या चॉकलेटांचे कागद सापडले (डॉक्टरांनी गोड बंद केलंय), आणि गेल्या सोमवारी पलंगाखालून कागदाचे तुकडे निघाले. तुम्हाला लिहिलेल्या पत्राचा तो माझा कच्चा मसुदा. फाडून टोपलीत टाकला होता, नेम चुकला असावा. बाबांनी तुकडे जुळवून डिंकाने चिकटवले. त्यात 'यांचं करणं आता माझ्याच्याने होत नाही' हे वाक्य अख्खं होतं. (त्यांना आम्ही हवापालट म्हणून सांगितलं होतं.) कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "कामाचा असेल, सूनबाई. नीट ठेवा." बस, एवढंच. केरसुणी दाराआड उभी केली आणि बॅग भरायला बसले.

तेव्हापासून ते खुर्चीत पाय वर घेऊन बसू लागले आणि केर मी काढू लागले. कुणी चूक काढेना. इतकं शांत घर मला सोसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. माफी मागायला तीनदा गेले आणि तीनदा चहा हवा का विचारून परत आले. शेवटी काल पंखा पाचवर ठेवला, बाहेरच्या खोलीत खराटा घेतला आणि दारापासून आत झाडत सुटले. त्यांच्या चष्म्यावर धूळ बसली. त्यांनी पुसला. परत बसली. मग उठले, पंखा बंद केला, माझ्या हातातून खराटा घेतला.

"मला राग आला होता," म्हणाले.

"मलाही, बाबा. माझाच."

त्यांनी खराटा अंगणात नेऊन ठेवला आणि दाराआडची केरसुणी घेतली. मग म्हणाले, "बरं. पाय वर घ्या."

मी घेतले.

इथे थांबते. मुलांना आशीर्वाद.

तुमची
वहिनी

ता. क. रविवारी येऊ नका. म्हणजे या, चार दिवस राहा, पण बाबांना नेऊ नका.

ता. क. दुसरा. एकदा जायचं ठरलं म्हणजे ठरलं, असं ते धरून बसलेत. मी थांबा म्हटलं तर त्यांना वाटणार, भिडेपोटी म्हणते. तेव्हा तुम्हीच फोन करून सांगा, की तुमच्याकडे रंगकाम निघालंय. खोटं बोलणं जड जात असेल, तर एखादी भिंत खरंच रंगवून घ्या.