सोनेरी कार्ड आणि ठणठणीत नातेवाईक

तीर्थरूप वन्संना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (खरं तर बसूनच. हल्ली वाकायचं म्हटलं की आधी पाठीची परवानगी काढावी लागते.) तब्येत कशी आहे? रक्तदाब काय म्हणतो? गोळ्या वेळेवर घेता ना, की डॉक्टरांना आपल्यापेक्षा कमी कळतं हे मत अजून कायम आहे? इकडे सगळं ठीक. तुमचे बंधू मजेत आहेत. रोज सकाळी फिरायला जातात आणि आल्यावर घरातले नळ तपासतात. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी नळ ठिबकला की अजून माझ्याकडे हाताखालच्या माणसाकडे बघावं तसं बघतात. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलायचं आणि मी हूं म्हणायचं हे आपलं जुनं ठरलेलं आहे. म्हणून पत्र. यात तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

विषय माझ्या सोनेरी कार्डाचा आहे. तुम्ही म्हणाल, अजून तेच चाललंय का? हो, तेच. वर्षभरात ठरावीक वेळा एकाच कंपनीच्या विमानानं जो उडतो त्याला ती कंपनी हे कार्ड देते. असलं कार्ड मोठमोठ्या हुद्द्यावरच्या, टाय लावलेल्या लोकांकडे असतं. मी ते बाळंतपणं काढून मिळवलं आहे. थोरलीची दोन, धाकटीचं एक, मधे जावईबापूंच्या पाठीचं ऑपरेशन, मुलाचं घर बदलणं, सूनबाईंची बढतीची परीक्षा. तीन मुलं तीन शहरांत, आणि जिथून हाक येईल तिथं मी. असं करता करता एके दिवशी टपालानं एक जाड पाकीट आलं. त्यावर फक्त माझं नाव होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या एकटीच्या नावानं आलेलं ते पहिलंच पाकीट. (विम्याचं पत्र मी धरत नाही. त्यात मी गेल्यावर काय होईल एवढंच लिहिलेलं होतं.) तुमच्या बंधूंनी ते उघडलं, चष्मा वर करून वाचलं, आणि ही फसवणूक आहे, कुठंही सही करू नकोस, असं बजावलं. कार्डावर माझं नाव उठावाच्या अक्षरांत आहे. बोट फिरवलं की हाताला लागतं. मी अजूनही अधूनमधून फिरवते.

वन्सं, या कार्डाचे फायदे मी तुम्हाला पूर्वी सांगितले आहेत, पण तेव्हा तुमची मालिका चालू होती, म्हणून पुन्हा सांगते. विमानात चढायची हाक आली की आधी आम्हाला सोडतात. मागे भलीमोठी रांग उभी असते, आणि मी पर्स सावरत पुढून निघून जाते. घाई करत नाही. शिवाय एक बॅग जादा नेता येते, आणि माझ्या त्या जादा वजनावर आपल्या सगळ्या खानदानाचा डोळा असतो. धाकटीचं शिलाई मशीन मीच पोचवलं. त्याला कार्डवाल्यांची लाल चिठ्ठी लावली होती, त्यामुळे सामानाच्या पट्ट्यावर ते सगळ्यांच्या आधी आलं. शेजारी एक माणूस महागडी सुटकेस कधी येते म्हणून ताटकळत होता आणि आमचं मशीन गोणपाटात ऐटीत फिरत होतं. मला अगदी बक्षीस समारंभाला आल्यासारखं वाटलं.

पण सगळ्यात मोठा मान म्हणजे ती खास बसायची खोली. मऊ खुर्च्या, मंद दिवे, हवी तितकी कॉफी, आणि दारातली बाई मला नावानं हाक मारते. कार्डावर एक पाहुणा आत नेता येतो. तुमचे बंधू पहिल्यांदा माझ्याबरोबर आले तेव्हा दारात अडले. बाईनं त्यांना अदबीनं विचारलं, आपण कोणाबरोबर? जन्मभर ज्यांनी मला साहेबांची मिसेस म्हणून चारचौघांत उभं केलं, त्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणावं लागलं, हिच्याबरोबर. बाईनं त्यांच्या नावापुढे पाहुणा असं लिहिलं. ते काही वेळ घुश्शात होते, पण आत केक बघितल्यावर निवळले. नंतर तर, तुझं पुढचं जाणं कधी आहे, असं स्वतःहून विचारू लागले. मला सांगायला संकोच वाटत नाही वन्सं, त्या दिवशी मला फार, फार बरं वाटलं.

तर असं हे कार्ड या डिसेंबरात जाणार, अशी वेळ आली आहे. दरवर्षी उड्डाणं पुरी करावी लागतात, आणि या वर्षी आपल्या घराण्यात कुणाला काही म्हणजे काही होईना. तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. सगळे ठणठणीत आहेत याचा मला आनंदच आहे. पण सगळ्यांनी एकाच वर्षी ठणठणीत राहायची काही गरज होती का? थोरलीनं घरकामाला बाई ठेवली. मुलाकडे भांडी घासायचं यंत्र आलं. धाकटीला मी एकदा सहज विचारलं, एकावर थांबायचं ठरवलंय का, तर म्हणाली, आई, तू कार्डासाठी नातवंडं मागतेस? मी फोन ठेवून दिला. (अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.) जो तो एकच म्हणतो, तुला आता कशाला त्रास. कुणाकडे न जाता नुसतंच विमानात बसून यावं, तर ते मला जमणार नाही. हे कार्ड मी बोलावण्यावर मिळवलं आहे, ते बोलावण्यावरच टिकलं पाहिजे.

सहा उड्डाणं कमी पडत असताना थोरलीच्या धाकट्याला खोकला झाल्याचं कळलं. मी ते बोलावणं धरलं. थोरलीकडे सरळ जाणारं विमान आहे, पण सरळ गेलं की जाऊन येऊन दोनच उड्डाणं होतात. मी डोकं चालवलं आणि मधे एक शहर घालून वाकड्या वाटेचं तिकीट काढलं, म्हणजे चार. तिकीट काढणाऱ्यानं मला तीनदा विचारलं, बाई, नक्की असंच जायचंय का? विमानतळावर पोचले तर पहिलं विमान उशिरा, पुढचं चुकणार. काउंटरवरच्या मुलीनं माझं कार्ड बघितलं मात्र, उठून उभी राहिली आणि वरिष्ठांना घेऊन आली. ते गृहस्थ हसतमुखानं म्हणाले, आपण आमच्या सोनेरी सभासद, आपली गैरसोय होऊ देणार नाही, सरळ जाणाऱ्या विमानात शेवटची जागा आपल्यासाठी काढली आहे. मी म्हणाले, मला नको. त्यांना वाटलं मी संकोचाने म्हणतेय. मी म्हणाले, अहो, मला पोचायची घाई नाही, मला फक्त उडायचं आहे. हे ऐकून माझ्यामागचा एक तरुण दोन पावलं मागे सरकला.

त्या तरुणालाही तिकडेच जायचं होतं, आणि त्याची मुलाखत होती. मी म्हणाले, माझी जागा याला द्या. तर नाही, त्याच्याकडे कार्ड नाही. शेवटी मला हाताला धरून, माझी पर्स उचलून, सन्मानानं सरळ विमानात बसवलं, आणि त्या बिचाऱ्याला, मधल्या शहरातून रात्रीचं विमान देऊन, माझ्या वाकड्या वाटेनं पाठवलं. म्हणजे कार्ड नसलेल्याला दोन उड्डाणं आणि कार्डवालीला एक. ज्या कार्डासाठी एवढी धडपड, त्याच कार्डानं माझा घात केला. थोरलीकडे पोचले तर नातू सोफ्यावर उड्या मारत होता. खोकून दाखव म्हटलं, तर नाही म्हणाला. परतताना तरी चुकवू नये म्हणून मी विमानतळावर लवकर गेले, तर तिथल्या मुलीनं पडद्यावर बघून सांगितलं, मागच्या खेपेला आपल्याला त्रास झाल्याची नोंद आहे, म्हणून येतानाही आम्ही आपल्याला सरळच बसवलं आहे. मी कपाळाला हात लावला. तिला वाटलं माझं डोकं दुखतंय, तिनं पाणी आणून दिलं. सेवेत मात्र ही कंपनी कुठंही कमी पडत नाही, हे कबूल करावंच लागेल.

तर अजून चार उड्डाणं बाकी आहेत. पण मी हातपाय गाळणाऱ्यांतली नाही, हे तुम्ही जाणताच. कार्ड राहो न राहो, एका साध्या बाईनं कचेरीत पाऊल न टाकता ते मिळवलं आणि टिकवून दाखवलं, हे कुणी पुसू शकत नाही. काळजी नसावी. प्रकृतीला जपावे. भाऊजींना नमस्कार सांगावा.

तुमची आज्ञाधारक (तुमचं मत वेगळं असलं तरी) भावजय,
सोनेरी सभासद (डिसेंबरअखेरपर्यंत)

ता. क. तुमचे बंधू काल जेवता जेवता बोलून गेले की पुढच्या महिन्यात तुमच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, तुम्ही एक नर्स ठरवली आहे, आणि मला कळू द्यायचं नाही असं त्यांना सांगितलं आहे. मी काही म्हणत नाही. फक्त एवढंच सुचवते की दोन्ही गुडघे एकदम करण्याची पद्धत आता मागे पडत चालली आहे असं ऐकते. एक नोव्हेंबरात, एक डिसेंबरात असं केलं तर शरीरालाही सोसतं. दोन गुडघे, दोन फेऱ्या, जाऊन येऊन चार. सहज हिशोब मांडला.

आणखी एक. तुमच्या इस्पितळात मी आज फोन केला होता. तिथल्या बाईला वाटलं पेशंट मीच. तिनं तुमच्या नावापुढे माझंच वजन लिहून घेतलं आहे. तुम्हाला कुणी वजन कमी कसं झालं म्हणून विचारलं तर गोंधळू नका.

शेवटचं. थोरलीच्या वेळी मी या घरात नवीन होते, घाबरलेली होते, आणि तुम्ही स्वतःचं घर टाकून माझ्याकडे येऊन राहिलात. बोललात खूप, पण मला पलंगावरून पाय खाली ठेवू दिला नाहीत. ते मी विसरलेले नाही, आणि तुम्ही मला सोडून नर्स ठरवलीत याचं मला वाईट वाटलं, हे स्पष्टच लिहिते. तुम्ही दोन्ही गुडघे एकदम करा, जानेवारीत करा, मी येणार. रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राहून येईन, नाहीतर बसनं येईन. नर्सला आजच नको म्हणून कळवा. डॉक्टरांना मात्र एकदा विचारून बघा.