ज्याच्या नावाचं खातं

दारव्हा,
११ मार्च २००७

आदरणीय दादा,
दीपमालाचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे बरे आहो. तुम्हीही बरेच असान, असं पत्रात लिहा लागते म्हणून लिहिलं. मायचे गुडघे कसे आहेत? वहिनीच्या अंगाची खाज थांबली का? कापूस अजून पुढच्याच खोलीत पडून असन तर थांबणार तरी कशी. इथं माह्या घरमालकाकडेही तेच. भाव नाही म्हणून विकत नाही अन् घरभर सारे खाजवत बसतात.

ऊन आतापासूनच तापलं. लाइट गेली की कॉलेजचा सर्व्हर बंद करा, आली की चालू करा, दिवस त्यातच जाते. लॅबमध्ये मी शिकवते कमी अन् या डब्याची उठबसच जास्त करते.

परवा तुहा फोन आला तेव्हा मी नुसतं "पाहते" म्हटलं. समोर ऑफिसची माणसं बसली होती. खरं सांगायचं तर कोणी नसतं तरी तेवढंच म्हटलं असतं. म्हणून हे पत्र.

तू म्हणाला, "दीपा, तुह्याच हातातलं काम आहे. ती नोंद पुसून टाक. खोटंच तर पुसायचं आहे."

दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. हातातलं आहे, अन् खोटंही आहे. ज्या दुपारी धम्मरत्नच्या खात्यातून कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ती नोटीस लागली, त्या दुपारी तुहा पोरगा तुह्याजवळ पुसदले होता. प्रिन्सिपल सरांले मी हे सांगतलं. त्यांनी मानलंही. पण सर्व्हरच्या नोंदीत माणूस दिसत नाही, खात्याचं नाव दिसते. लॅब तेव्हा भरलेली होती. कोणाच्या बोटांनी ते टाइप केलं, हे मले आजही माहीत नाही.

नोटीस तू पाहिली नाही, म्हणून तुले ती पोरांची थट्टा वाटते. लिहिलं होतं की सरकारनं शेतकऱ्यांले दिलेल्या पॅकेजमधून परीक्षा फी माफ झाली आहे, फॉर्म आपोआप जातील, कोणी भरू नये. आता पेपरात पॅकेज, एसटीत पॅकेज, चहाच्या टपरीवर पॅकेज. पोरांनी खरं मानलं त्यात त्यांचं काय चुकलं? आमच्या ध्यानात येईपर्यंत उशीर झाला. बऱ्याच जणांचे फॉर्म धावपळ करून भरून घेतले. विजयमाला म्हणून माह्या वर्गातली एक पोरगी तांड्यावरून येते. नोटीस वाचून ती निश्चिंत घरी गेली अन् आली ते मुदत संपल्यावर. मी वरपर्यंत हातापाया पडली, जमलं नाही. तिच्या घरचे आता शिक्षण पुरे म्हणतात, सोयरीक पाहून राह्यले. ती मले भेटाले आलती. रागावली नाही. "मॅडम, कॉलेजच्याच कॉम्प्युटरवर होतं ना," एवढंच म्हणत होती. मले तिच्याकडे पाहवलं नाही.

नोटीस लावायचं खातं धम्मरत्नले विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मिळालं होतं. तू तर शाळेत पेढे वाटले होते, मास्तर. त्याच खात्यावर इंटरनेटही मोकळं होतं, बाकीच्यांले ते मोजून मापून मिळते. मंग काय, पोरं मागाले लागली. कोणाले निकाल पाहायचा, कोणाले पोलीस भरतीची जाहिरात. यानं मागन त्याले पासवर्ड दिला. मी विचारलं, "काहून दिला रे?" तर म्हणे, "आत्या, नाही कसं म्हणू?"

मी त्याले चांगली झापणार होती, पण कोणत्या तोंडानं? हे आपल्याच घरचं शिकवणं आहे, दादा. आपल्या बाबांले लहानपणी विहिरीवर उभं ठेवत, कोणाले दया आली अन् वरून ओतलं तर पाणी. म्हणून त्यांनी आपल्याले सांगतलं, आपल्याजवळचं कोणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. तू तेच पोराले शिकवलं, मीही शिकवलं. पासवर्ड म्हणजे पाणी नव्हे, हे त्याले कोणी सांगतलं? लॅबच्या भिंतीवर लिहून लावलं आहे, ज्याच्या नावाचं खातं त्याची जबाबदारी. ते वाक्य माहंच. प्रवेश घेताना सारे त्याच्याखाली सह्या करतात, वाचत कोणी नाही.

तू म्हणशीन, एवढं समजते तर मंग पुसाले काय हरकत होती. ऐक. नोटीस लावता येते अशी खाती दोनच आहेत. एक धम्मरत्नचं अन् दुसरं ऑफिसातल्या हंसाबाईचं. हंसाबाई कंत्राटी आहेत, दरवर्षी ऑर्डर निघाली तर नोकरी. मी नोंद काढायच्या आधीच संस्थेची माणसं त्यांची चौकशी करून गेलती. धम्मरत्नचं नाव पुसलं असतं तर उरत होत्या त्या एकट्या. माह्याजवळ बाईनं रडणं-भेकणं काही केलं नाही. दुपारी डबा मात्र उघडत नव्हत्या.

मी आधी पोराजवळ बसली अन् सारं सांगतलं. त्यानं विचारलं, "हंसाबाईले काढतीन का?"

"बहुतेक," मी म्हटलं.

"मंग देऊन टाक."

"तुहं वर्ष जाईन, बापू."

"समजलं ना आत्या. दे."

नोंद मी गुरुवारीच प्रिन्सिपल सरांले दिली, दादा. तुहा फोन आला तेव्हा ती देऊन झाली होती, अन् तरी मी "पाहते" म्हटलं. काल निर्णय लागला. शिक्षा नोटिसीची नाही, पासवर्ड वाटल्याची आहे. त्याले वर्षभर लॅब बंद. लॅब नाही म्हणजे प्रॅक्टिकल नाही, प्रॅक्टिकल नाही म्हणजे यंदा बीएस्सी नाही. पुढच्या वर्षी परत घेतीन, तसं त्यांनी कागदावर दिलं आहे.

पासवर्ड मागाले जे माह्या घरी त्याच्याकडे चकरा मारत होते, ते आता गल्लीच्या तोंडावरूनच सायकल वळवतात. एकही जण पुढे आला नाही. कॉलेजात माह्यावरही बोलून राह्यले, सख्ख्या भाच्याचं नाव दिलं म्हणून. तू त्याहून जास्त बोलशीन. बोल. मी लय थकली, दादा. कोणाले उत्तर द्याची ताकद राह्यली नाही, अन् माहं बरोबर होतं असं म्हणून घ्याचीही हौस नाही.

हे पत्र पोस्टानं आलं नाही, हे तुह्या ध्यानात आलंच असन. ज्यानं आणलं तो तुह्यासमोर उभा आहे. काही बोलायच्या आधी पत्र हातात दे, असं मीच त्याले सांगतलं. त्याले वाटते, तू साऱ्या पुसदले सांगून बसला की पोरगा यंदा पदवीधर होते, आता तू तोंड कसं दाखवशीन. बॅग भरता भरता त्यानं मले विचारलं, "आत्या, पप्पा मले घरात घेतीन ना?"

मी हो म्हटलं. तुले विचारलं नाही, तुह्या नावानं सांगून टाकलं.

आता पत्र खाली ठेव अन् त्याले आत घे.

तुही,
दीपमाला