सहा अंशाच्या पाण्यासाठी आतले कपडे

उधना, मंगळवार, संध्याकाळ

परवा हिमाचलला निघायचं! धरणाचे दरवाजे पाण्याखाली जाऊन तपासायचे आहेत आणि तिथलं पाणी सहा अंश. मी आजवर फक्त इथल्या कोमट समुद्रात उतरलो. ड्रायसूट पाणी अडवतो, ऊब मात्र आतल्या कपड्यांचीच. त्यांत सूत असलं तर ते घामाने ओलं होऊन उलट गारठवेल. म्हणून नव्या बनियनचा एक धागा काढून जाळला. केस जळाल्यासारखा वास आला. लोकरच! तरी खात्रीसाठी अजून एक जाळला.

आई आतून ओरडली, "कोना केस जयनात रे?"

मग बनियनवर फ्लीसचं जाड जाकीट, त्यावर सूट, पाठीवर हवेचा सिलिंडर. घामाच्या धारा. पण मागे सिलिंडरच्या, हवा चालू-बंद करायच्या चावीपर्यंत हातच जाईना. जाकीट काढलं की जातो. मग ऊब की हात? खाली अडचण आली तर ती चावी मलाच फिरवायची.

आईने कात्री आणली. "बाह्या कापी टाकू का?"

नवंकोरं जाकीट! धागे जाळताना काही वाटलं नव्हतं, आता मात्र बाही दोनदा चाचपून पाहिली.

"काप."

छाती उबेत राहिली, दंड मोकळे झाले. पुन्हा सूट आणि सिलिंडर चढवला, हात मागे नेला आणि चावी फिरली! तीनदा फिरवून पाहिली.