हद्दीचा दगड

पौर्णिमेनंतरचा चौथा दिवस

ती. ताईस सा. न. वि. वि.

मिठाच्या व्यापाऱ्याने सांगितलं ते खरं का? मुकादम तुमच्या देवळात लपलाय? ओल्या कमानीचे टेकू घाईने काढायला लावले, बाबा नको नको म्हणत होते तरी त्यांनाच खाली पाठवलं, कमान त्यांच्यावर कोसळली, आणि सहा वर्षं पळून आता खांबाला मिठी मारून बसला. देवळाच्या हद्दीत आसरा घेतलेल्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही, हे मला ठाऊक आहे. राजाची माणसंसुद्धा हद्दीच्या दगडापाशी थांबतात.

पण हद्दीची भिंत नव्याने बांधायचं काम मलाच मिळालंय. कोपऱ्याचा दगड दहा हात आत सरकवला की त्याची ओसरी बाहेर. पुढचं मी बघतो, तू फक्त तोंड बंद ठेव.

कंबर कशी आहे? घागरी वाहताना पट्टा बांधत जा. ऐकणार नाहीस, तरी लिहितो.

तुझा धाकटा

सातवा दिवस

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आहे तो इथे, आणि माझ्याच वाट्याला आलाय. देवळात विहीर नाही. नदीचं पाणी आम्ही चौघी आणतो आणि ओसरीचा माठ माझ्याकडे. मला ओळखत नाही. फार उपकार झाले बाई, म्हणतो. घागर त्याच्या टाळक्यात घालावीशी वाटते, रोज वाटते.

दगडाला मात्र हात लावायचा नाही. तो बाबांनी बसवलाय. बाबांमागे दुष्काळ पडला तेव्हा याच देवळाच्या कोठारातलं धान्य खाऊन तू दगड हलवण्याइतका दांडगा झालास. उद्या कुणी निरपराध जीव मुठीत धरून धावत आला, तर त्याने कुठे थांबायचं?

पट्टा बांधते. लोभ आहेच, अक्कल पण असू दे.

ताई

दहावा दिवस

ती. ताईस सा. न.

तुझं शहाणपण तुलाच लखलाभ. परवा दगड हलवतोय.

धाकटा

अकरावा दिवस

चि. धाकट्यास आशीर्वाद.

दगड राहू दे, गरज उरली नाही. तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधी माठ भरताना मी त्याला सांगितलं, "कमानीखाली गेले, त्यांची मी मुलगी." आवाजही चढवला नाही. त्याच्या हातातलं भांडं पडलं.

तेव्हापासून त्याने माठाला तोंड लावलेलं नाही. बाकीच्या तिघींकडे पाणी मागितलं, तर त्या म्हणाल्या ओसरीचा माठ तिचा. पुजारी म्हणाले, पाणी समोर ठेवलंय, प्यायचं की नाही ते पाहुण्याने ठरवावं. काल दिवसभर नदीकडे बघत होता. आज दगडापर्यंत येऊन परत गेला.

मी पाण्यात काहीही घातलेलं नाही. रोज माठ घासते, ताजं भरते. पण हे त्याला सांगायची माझी इच्छा नाही. सहा वर्षांत प्रथमच मला शांत झोप लागतेय.

भिंतीचं काम नदीच्या बाजूने सुरू कर आणि दगडाच्या पलीकडे उभा राहा; तहानेने तो नदीकडे निघेल, तो तिथूनच. ऊन फार आहे, म्हणून त्याच माठातलं पाणी तुझ्यासाठी पाठवलंय. त्याच्या देखत पी, कुठलं ते सांगू नकोस.

तुझी ताई